नील किनारा : हवामान, वारसा आणि त्यांची किंमत

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात भूमध्य सागरी हवामानाच्या वाट्याला जेमतेम दीड पान येते. उन्हाळा कोरडा, हिवाळा सौम्य व पावसाळी, पिके म्हणजे द्राक्षे, ऑलिव्ह आणि लिंबूवर्गातील फळे, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु एखाद्या प्रदेशाचे हवामान हीच त्याची मुख्य संपत्ती ठरली, ते हवामान विकून सबंध प्रदेश पोसला जाऊ लागला, तर त्या प्रदेशाचे काय होते, हा प्रश्न त्या दीड पानात मावत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. मी कोकण किनाऱ्यावरच्या एका गावातून या महाविद्यालयात आलो आहे आणि आमच्याही किनाऱ्यावर आता 'पर्यटन' हा शब्द रोज उच्चारला जातो. म्हणून या प्रश्नाचे दीडदोनशे वर्षांचे उत्तर ज्या किनाऱ्यावर लिहिले गेले आहे, त्या फ्रान्सच्या आग्नेय किनाऱ्याचा अभ्यास प्रस्तुत लेखात मांडीत आहे. मी तेथे गेलेलो नाही. नकाशे, हवामानाचे तक्ते आणि इतिहासाचे ग्रंथ एवढीच माझी शिदोरी.

या किनाऱ्याला फ्रेंच लोक 'कोत दाझ्युर', म्हणजे नील किनारा म्हणतात. हे नाव प्राचीन नाही. स्तेफान ल्येजार नावाच्या लेखकाने १८८७ साली या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ते रूढ झाले. त्याची हद्द कोणत्याही कायद्याने ठरवलेली नाही. ढोबळ मानाने तूलों बंदराच्या पूर्वेपासून इटलीच्या सरहद्दीवरील मांतों गावापर्यंतचा हा किनारा. नीस हे त्यातले सर्वांत मोठे शहर. कान, आंतीब, सें-त्रोपे ही इतर प्रसिद्ध गावे आणि मोनाको हे चिमुकले स्वतंत्र राज्य याच किनाऱ्यावर आहेत.

भूरचना

पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालो तर या किनाऱ्याचे रूप तीनदा बदलते. आधी लागतो मोर हा जुन्या खडकांचा, बुचाच्या ओकवृक्षांनी व पाइनच्या झाडांनी झाकलेला काळसर डोंगरप्रदेश. त्यानंतर एस्तेरेलचा डोंगर. हा ज्वालामुखीजन्य खडक आहे आणि त्याचा रंग तांबडा. तांबडे कडे, त्यांवर हिरवी झाडी आणि खाली निळे पाणी, अशी ही रंगसंगती आहे. त्याच्या पुढे आल्प्स पर्वताच्या चुनखडीच्या रांगा समुद्राच्या इतक्या जवळ येतात की नीसपासून मांतोंपर्यंत सपाट जमीन अगदी थोडी उरते. तेथे रस्तेसुद्धा एकावर एक अशा तीन पातळ्यांवर खोदावे लागले. समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले एझ गाव आणि खालचा समुद्र यांत आडवे अंतर फारच थोडे आहे.

डोंगर जसा जमिनीवर तीव्र उतरतो, तसाच तो पाण्याखालीही उतरत जातो. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच समुद्र खोल होतो. नीसच्या पुळणीवर वाळूऐवजी गोल गोटे आहेत. वार नदीने आल्प्समधून ओढून आणलेले हे दगड लाटांनी घासून गुळगुळीत केले. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्यामुळे भरती-ओहोटीचा फरक तेथे अत्यल्प असतो. आपल्याकडे ओहोटीला उघडी पडणारी विस्तीर्ण पुळण आणि खाडीत मैलोगणती आत शिरणारे भरतीचे पाणी यांची सवय असलेल्या माणसाला तो समुद्र जागच्या जागी उभा असल्यासारखा वाटेल.

हवामानाची गुरुकिल्ली

नीस शहर सुमारे ४३ अंश ४२ कला उत्तर अक्षांशावर आहे. श्रीनगर ३४ अंशांवर, म्हणजे नीस श्रीनगरच्याही हजारभर किलोमीटर उत्तरेला! श्रीनगर उंचावर आहे हे खरे. म्हणून समुद्रकाठच्या दुसऱ्या शहराशी तुलना करू. रशियाचे व्लादिवोस्तोक बंदर जवळजवळ नीसच्याच अक्षांशावर आहे. तेथे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली दहा अंशांच्याही खाली जाते आणि समुद्र गोठतो. नीसला त्याच महिन्यात सरासरी तापमान नऊ अंशांच्या आसपास असते आणि झाडांवर लिंबे पिकतात.

याची कारणे तीन. पहिले कारण वाऱ्यांचे. उन्हाळ्यात अटलांटिकवरील अॅझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून भूमध्य प्रदेशावर पसरतो. जास्त दाबात हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि कोरडी होते. म्हणून ढग जमत नाहीत. हिवाळ्यात हा पट्टा दक्षिणेकडे हटतो आणि पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या आवर्तांना वाट मोकळी होते. म्हणून पाऊस मुख्यत्वे शरद ऋतूत व हिवाळ्यात पडतो. दुसरे कारण आल्प्सची भिंत. उत्तरेची थंड हवा ती बऱ्याच अंशी अडवते. तिसरे कारण समुद्र. उन्हाळ्यात साठवलेली उष्णता तो हिवाळाभर सावकाश सोडीत राहतो.

येथे 'मिस्त्राल' या वाऱ्याचा उल्लेख करावयास हवा. आल्प्स आणि फ्रान्सचे मध्यवर्ती पठार यांच्यामधल्या रोन नदीच्या खोऱ्यातून हा थंड, कोरडा वारा नळीतून फुंकल्यासारखा दक्षिणेकडे सुटतो. मार्सेलिस आणि तूलों ही शहरे त्याच्या तडाख्यात सापडतात. एस्तेरेलच्या पूर्वेला त्याचा जोर पुष्कळ ओसरतो. याच किनाऱ्याचा पूर्वभाग आरोग्यस्थान म्हणून आधी का नावारूपाला आला, याचे एक उत्तर या वाऱ्याच्या मार्गात आहे.

नीसला वर्षभरात साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण पावसाचे दिवस साधारण साठच. जुलै जवळजवळ कोरडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र पाऊस कोसळतो. सूर्यप्रकाश वर्षाला सुमारे २७०० तास. ही शेवटची संख्या लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा व्यवहार तिच्यावरच उभा आहे.

वारसा : डोंगरावरची गावे आणि दगडी गडगे

या किनाऱ्यावरचे एक नाव मराठी माणसाला पूर्वीपासून ठाऊक आहे. नील किनाऱ्याच्या पश्चिमेला असलेल्या मार्सेलिस बंदरात ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी घेतली आणि त्या घटनेवरून ब्रिटन व फ्रान्स यांच्यातील वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. ते मार्सेलिस इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक वसाहतवाल्यांनी वसवले. नीसचे जुने नाव निकाइया आणि आंतीबचे अँटिपोलिस, ही दोन्ही नावे ग्रीकच. पुढे रोमन आले. फ्रेझ्युस येथे त्यांच्या रंगमंडलाचे अवशेष आहेत. ला त्युर्बी येथील डोंगरावर आल्प्समधील जमाती जिंकल्याच्या स्मरणार्थ सम्राट ऑगस्टसचा विजयस्तंभ इ. स. पू. ६ च्या सुमारास उभारला गेला आणि जिंकलेल्या ४५ जमातींची नावे त्यावर कोरली गेली. मानवी वस्ती मात्र याहून कितीतरी जुनी. नीसमधील तेरा आमाता येथे १९६६ साली झालेल्या उत्खननात सुमारे चार लक्ष वर्षांपूर्वीच्या शिकारी मानवाच्या खुणा सापडल्या.

समुद्र जवळ असताना माणसे डोंगराच्या शेंड्यावर का राहिली? समुद्रमार्गे होणाऱ्या हल्ल्यांची भीती, हे एक कारण. दहाव्या शतकात सारासेन टोळ्यांनी याच भागात आपले ठाणे केले होते. लागवडीजोगी थोडीशी जमीन घरांखाली घालवायची नाही, हेही कारण असावे असे मला वाटते. उतारावर जी जमीन होती, तीही माणसाने तयार केली. चुना-माती न वापरता दगडावर दगड रचून गडगे घालायचे, त्यांच्या मागे माती भरायची आणि पायरीपायरीवर ऑलिव्ह, द्राक्षे, लिंबे लावायची. आमच्या कोकणात गडगा घालणाऱ्या माणसाला हे काम वेगळे शिकवावे लागणार नाही. गडग्याच्या फटींतून पाणी झिरपते, पण माती राहते. युनेस्कोने २०१८ साली ही बिनचुन्याची दगडरचना मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. त्याच वर्षी त्याच यादीत ग्रास गावाची अत्तरकलाही आली. ग्रासचे लोक मूळचे चांभार. कातडी हातमोज्यांना सुगंध देण्यापासून त्यांचा अत्तराचा धंदा वाढला. तेथे ज्या फुलांची शेते झाली, त्यांत गुलाबाबरोबर आपल्या जाई-चमेलीच्या कुळातली फुलेही आहेत.

राजकीय इतिहासही सरळ नाही. नीस १३८८ पासून सॅव्हॉय घराण्याच्या ताब्यात होते. १८६० साली ते फ्रान्सला जोडले गेले. इटलीच्या एकीकरणाचा वीर गॅरिबाल्डी याचा जन्म नीसचाच, १८०७ सालचा. ज्या इटलीसाठी तो लढला, तिच्यात त्याचे जन्मगाव राहिले नाही!

हवा विकली गेली

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्थानिक शेतकऱ्याला आणि कोळ्याला ते ऊन फुकट मिळत होते. त्याला किंमत आहे हे त्याला बाहेरच्या माणसाने दाखवले. स्कॉटिश लेखक टोबायस स्मॉलेट प्रकृती सुधारण्यासाठी नीसला येऊन राहिला आणि १७६६ साली त्याने प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर हिवाळ्यात नीसला येणाऱ्या इंग्रजांची संख्या वाढत गेली. १८२०-२१ च्या कडक हिवाळ्यानंतर बेकार व भुकेल्या लोकांना काम द्यावे म्हणून तिथल्या इंग्रज मंडळींनी वर्गणी काढून समुद्रकाठाने एक पायवाट बांधविली. तीच आजची जगप्रसिद्ध 'प्रॉमनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. दुष्काळी कामावर रस्ते बांधण्याची आपली परंपरा ज्यांना माहीत आहे, त्यांना हा मूळारंभ विसरता येणार नाही. श्रीमंतांच्या सहलीचा रस्ता भुकेल्यांच्या हातांनी झाला.

कानचे भाग्य एका साथीमुळे उघडले. १८३४ साली लॉर्ड ब्रूम हे ब्रिटिश राजकारणी नीसकडे निघाले असता पटकीच्या भयाने सरहद्द बंद झाली होती. ते कान या मच्छीमार गावात थांबले, तेथेच त्यांनी घर बांधले आणि त्यांच्यामागोमाग इतर उमराव आले. १८६४ साली रेल्वे नीसला पोचली, तेव्हा रशियाचा झारदेखील आला. मांतोंला क्षयरोगी येऊ लागले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. उबदार हवा हाच उपाय समजला जाई. डॉक्टर जेम्स हेन्री बेनेट यांनी १८६१ साली मांतोंच्या हवेची महती सांगणारा ग्रंथ लिहिला आणि रोग्यांची रीघ लागली. तेथल्या टेकडीवरच्या दफनभूमीत दूरदेशीच्या तरुण माणसांची थडगी आहेत. चित्रकार ऑब्री बिअर्ड्स्ली १८९८ साली तेथेच वारला, तेव्हा त्याचे वय अवघे २५ होते. निसर्गसौंदर्याच्या या बाजारपेठेचा पाया अशा रीतीने आजाऱ्यांच्या आशेवर घातला गेला, हे मला फार विचार करण्यासारखे वाटते.

पाहुण्यांना हवे तसे दृश्यही घडवण्यात आले. आज त्या किनाऱ्याची ओळख बनलेली ताडासारखी झाडे, ऑस्ट्रेलियातून आलेले निलगिरी आणि पिवळ्या फुलांचे मिमोसा, अमेरिकेतील घायपात, ही बहुतेक सगळी परदेशी रोपे. आंतीब येथे १८५७ साली सुरू झालेल्या त्युरे बागेत परदेशी झाडे त्या हवेत रुजवण्याचे पद्धतशीर प्रयोग झाले. ज्याला आपण चित्रातील 'नैसर्गिक' देखावा समजतो, त्याचा बराच भाग असा लावलेला आहे.

हिवाळ्याचा उन्हाळा झाला

गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात ही सारी हॉटेले उन्हाळ्यात बंद असत. ऊन लागून काळे होणे हे कष्टकऱ्यांचे लक्षण होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकन मंडळींनी आंतीबला उन्हाळ्यात राहण्याची प्रथा पाडली, समुद्रस्नान आणि ऊन खाणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली आणि सारे चक्र उलटे फिरले. हवामान तेच राहिले. माणसाची त्याविषयीची कल्पना बदलली.

१९३६ साली लेओं ब्लूम यांच्या सरकारने फ्रान्समधील कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. माझ्या मते या किनाऱ्याच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना आहे. जो समुद्र झार आणि उमरावांचा होता, तो पाहण्याचा हक्क गिरणीतल्या माणसाला मिळाला. पर्यटनाविरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

कलावंतांनीही हा प्रदेश आपला मानला. रन्वार याने आपली अखेरची वर्षे काञ येथे काढली. मातिस १९१७ साली नीसला आला आणि १९५४ साली तेथेच वारला. व्हाँस गावातील त्याने घडवलेले प्रार्थनामंदिर १९५१ साली पूर्ण झाले. पिकासोने १९४६ मध्ये आंतीबच्या जुन्या गढीत चित्रे काढली, तेथे आज त्याचे संग्रहालय आहे. कानचा चित्रपट महोत्सव १९३९ साली व्हायचा होता. युद्धामुळे तो १९४६ साली भरला. त्या पहिल्याच वर्षी चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर' या हिंदी चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कारात वाटा मिळाला आणि १९५२ साली व्ही. शांताराम यांचा 'अमर भूपाळी' हा मराठी चित्रपट तेथील स्पर्धेत दाखल झाला. होनाजी बाळाची भूपाळी त्या किनाऱ्यावर ऐकली गेली, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

किंमत

परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर जो लोंढा आला, त्याने किनारा सिमेंटने झाकून टाकला. डोंगर आणि समुद्र यांमधल्या अरुंद पट्टीत जागा नव्हती, म्हणून ओढ्यांचे काठ, नद्यांची पूरमैदाने आणि खुद्द समुद्र यांवर बांधकामे झाली. नीसचा विमानतळ वार नदीच्या मुखाशी भराव घालून वाढवला. १६ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यालगतच्या नव्या बंदराच्या भरावाचा मोठा भाग एकाएकी समुद्रात घसरला, लाट उसळली आणि माणसे दगावली. पाण्याखालच्या तीव्र उताराचा वर उल्लेख केला आहे, त्याचा अर्थ येथे कळतो.

शरद ऋतूतील पावसाचेही तसेच. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून दमट वारे येतात, आल्प्सला अडतात आणि काही तासांत सारा पाऊस ओततात. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी कानला अवघ्या दोन-अडीच तासांत दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि त्या परिसरात २० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील काहीजण तळघरातील मोटारी बाहेर काढावयास गेले होते. पाणी पूर्वीही येत असे. पण पूर्वी त्याच्या वाटेत तळघरे नव्हती. २ ऑक्टोबर २०२० रोजी 'अॅलेक्स' वादळाने नीसच्या मागील व्हेझ्यूबी आणि रोया ही खोरी उद्ध्वस्त केली. एका ठिकाणी चोवीस तासांत पाचशे मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

आगीचा प्रश्न तर याच हवामानाची दुसरी बाजू. कोरडा उन्हाळा, राळ-तेलाने भरलेली झुडपे आणि वारा. शेळ्या-मेंढ्या होत्या, पायऱ्यांची शेते कसली जात होती, तोवर रानात मोकळे पट्टे राहत. माणसे हॉटेलांकडे गेली, गडगे ढासळले, शेतांत झुडपे माजली. ऑगस्ट २०२१ मध्ये मोर डोंगराच्या परिसरात सुमारे सात हजार हेक्टर जमीन जळाली.

फ्रान्सने डोळे मिटून घेतले असे मात्र नाही. १९६३ साली पोर-क्रो बेट व भोवतालचा समुद्र राष्ट्रीय उद्यान झाले. १९७५ साली किनारी जमिनी विकत घेऊन त्या कायमच्या मोकळ्या ठेवणारी सरकारी संस्था निघाली. ३ जानेवारी १९८६ च्या किनारा कायद्याने वस्तीबाहेर समुद्रापासून शंभर मीटरांच्या आत नवीन बांधकामाला मनाई केली. पण नीस ते कान हा पट्टा तोवर भरून गेला होता. कायदा उशिरा आला, म्हणून जे उरले होते तेवढेच त्याला राखता आले. नीसला २०२१ साली जागतिक वारसास्थान म्हणून मान्यता मिळाली तीही 'हिवाळी विश्रामनगरी' म्हणून. म्हणजे पर्यटन हाच तेथला वारसा ठरला!

आपल्यासाठी दोन शब्द

'कोकणचा कॅलिफोर्निया करू' ही घोषणा आपण वर्षानुवर्षे ऐकत आहोत. भूगोलाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे थोडे बारकाईने पाहावे. कॅलिफोर्नियाचा किनाराही भूमध्य सागरी हवामानाचा, म्हणजे उन्हाळ्यात कोरडा. कोकणाचे नेमके उलटे. नीसला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्याच्या चौपट रत्नागिरीला पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपली जमीन जांभ्याची, आपल्या नद्या आखूड आणि वेगवान, आपल्या खाड्यांत भरतीचे पाणी आत येते. तिकडे दोन तासांच्या पावसाने जे झाले, तसा पाऊस आपल्याकडे दर आषाढात ठरलेला. तेव्हा ओढ्यावर आणि खाजणात भराव घालणे आपल्याला त्यांच्याहून अधिक महाग पडेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. किनारी क्षेत्राच्या नियमनाची अधिसूचना त्याआधीच, १९९१ साली निघाली होती. म्हणजे फ्रान्समध्ये कायदा धंद्याच्या मागून आला, आपल्याकडे तो आधी आला. ही आपल्या हातातली मोठी संधी आहे. ती टिकवायची की एकेका सवलतीने झिजवायची, हे ठरवताना आमच्या पिढीला गप्प राहता येणार नाही. पाहुणे जरूर यावेत. त्यांच्यामुळे गावातल्या मुलाला मुंबई गाठावी लागू नये, असे मलाही वाटते. पण पाहुणा ज्या गोष्टीसाठी येतो, ती पुळण, तो गडगा, ती मोकळी खाडी, तीच जर त्याच्या सोयीसाठी नाहीशी केली, तर पाहुणाही जाईल आणि घरही जाईल. नील किनाऱ्याच्या अभ्यासातून मी एवढेच शिकलो, आणि ते माझ्या मित्रांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.